दोर कापल्यानंतर

दुपारच्या खेळाला आलेल्या प्रेक्षकांनी नेहमीसारखे खुर्च्यांच्या हातांवर हात टेकले. तिथे बसवलेली मऊ पट्टी प्रत्येकाची नाडी वाचू लागली. गेली दोन वर्षं कोल्हापुरात या स्पंदनपट्टीच्या चाचणीशिवाय कुठलाच चित्रपट प्रदर्शित होत नव्हता.

वरच्या खोलीत संकलक अनसूया आणि निर्मात्या शशिकला तोडकर संगणकावर एकशे चाळीस रेषा बघत होत्या. भयपट शेवटाकडे आला होता. विहिरीतलं भूत माणसांचे आवाज काढायचं. त्यामुळे दोर धरून वर येणाऱ्या बहिणीच्या हाका भावाला खोट्या वाटतात. तो दोर कापतो आणि सकाळी गाळात तिचंच प्रेत सापडतं.

"लोक उठून जातील," शशिकलाताई म्हणाल्या. "तसं झालं तर तिला वाचवायचं. शेवट बदलायचा."

अनसूयाने रेषांवरची नजर हलवली नाही. या शेवटासाठी ती आठ महिने भांडली होती.

दोर तुटला. रेषा उसळल्या, वेड्यावाकड्या धावल्या. प्रेत दिसलं. मग त्या हळूहळू उतरू लागल्या, एकमेकींजवळ सरकल्या आणि एकावर एक बसल्या. एकशे चाळीस हृदयं एका ठेक्यात, मिनिटाला साठ. दिवे लागले तरी कोणी जागचं हललं नाही.

"यंत्र बिघडलंय का?"

"नाही," अनसूया कुजबुजली. तिने नोंद मागे नेली. एक रेषा सुरुवातीपासून साठवरच होती. सातवी रांग, अकरावी खुर्ची.

दोघी खाली गेल्या. तिथे भिकाजी सासने नावाचे निवृत्त पोस्टमन बसले होते.

"छातीत पेसमेकर आहे, साठच्या ठेक्यावर लावलेला," ते म्हणाले. "माझं हृदय घाबरत नाही, मीच घाबरतो. शेजारच्या बाई थरथरत होत्या, म्हणून त्यांचा हात धरला. त्यांनी पलीकडच्यांचा धरला."

अनसूयाने सभागृहभर नजर फिरवली. कुणाचा एक हात शेजाऱ्याच्या हातात होता, कुणाचा पुढच्याच्या खांद्यावर; दुसरा पट्टीवरच. अनोळखी माणसं होती सगळी. अजून कोणी कोणाला सोडलं नव्हतं.

"शेवट असाच राहू दे," शशिकलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "पण अनसूया, आज यांना सासने भेटले. उद्या त्या खुर्चीत एखादं पिसाटलेलं हृदय येऊन बसलं, तर?"