गुरुवारच्या चिठ्ठ्या

“खांद्यावर झोपलात तरी माझी काही तक्रार नाही... फक्त तो हजेरीचा कागद तेवढा मागे द्या. लोक थांबलेत.”

नोराल्बा दचकून जागी झाली. शेजारच्या खुर्चीवरचा अनोळखी तरुण अगदी गंभीर चेहऱ्याने तिच्याकडे पाहत होता, आणि त्याच्या सदऱ्यावर तिच्या पावसात भिजलेल्या केसांचा ओला डाग पडला होता. ती लाजली, सही केली, कागद मागे दिला. मग उरलेलं व्याख्यान दोघांनीही नीट ऐकलं नाही.

मानिसालेस या डोंगराळ शहरातल्या विद्यापीठात दर गुरुवारी चार वाजता खुलं व्याख्यान असायचं. गावातल्या कुणीही यावं, बसावं, काळी कॉफी प्यावी. विद्यार्थ्यांची बारा व्याख्यानं भरली की प्रमाणपत्र मिळायचं आणि परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाला त्याने वजन यायचं. नोराल्बा त्या वजनासाठीच यायची, खोटं कशाला सांगा? भूगर्भशास्त्राचं शेवटचं वर्ष होतं, चिलीला जायचं मनात पक्कं होतं, आणि व्याख्यानात झोप छान लागायची.

खांद्यावाल्या त्या तरुणाला, दुवानला, मात्र कसलंही प्रमाणपत्र नको होतं. कॉफीची फळं सोलायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात तो लेथवर काम करायचा आणि गुरुवारी मालकाची बोलणी खाऊन लवकर सुटायचा. कशासाठी, तर नुसतं ऐकायला! नोराल्बाला हे भारी नवल वाटलं. माणूस बरा दिसत होता, म्हणून जरा जास्तच वाटलं.

तिथे प्रश्न तोंडी विचारायची पद्धत नव्हती. चिठ्ठीवर नाव, शाखा आणि प्रश्न लिहून द्यायचा. व्याख्यानमालेच्या संचालिका एचेवेरीबाई त्यातल्या चार निवडून वाचायच्या. शाखेचा रकाना रिकामा दिसला की ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या तळाशी जायची. दुवान दीड वर्ष चिठ्ठ्या देत होता. एकही वाचली गेली नव्हती.

“मग ठोकून दे ना एखादी शाखा,” ती तिसऱ्या गुरुवारी म्हणाली. तोवर ‘अहो’ कधीच गळून पडलं होतं.

“काय लिहू? लेथ?”

“माझं नाव लिही. माझ्याकडे शाखा आहे, प्रश्न नाहीत.”

“आणि माझ्याकडे?”

“तुझ्याकडे... खांदा आहे.”

त्याचे कान लाल झाले. चिठ्ठीवर तिचं नाव लिहिताना त्याला उगाच फार वेळ लागला.

ती चिठ्ठी वाचली गेली. पुढच्या गुरुवारचीही. एचेवेरीबाई चष्म्यावरून सभागृहात नोराल्बाला शोधू लागल्या आणि दुवान खाली मान घालून हसू लागला. व्याख्यान संपलं की दोघं उताराच्या रस्त्याने एका छत्रीत चालत, कोपऱ्यावर गुळाचं गरम पाणी पीत. प्रश्नांच्या निमित्ताने ती आता पुस्तकं वाचू लागली होती, झोप तर पार उडाली होती... रात्रीचीसुद्धा.

मग दरडींवरचं व्याख्यान झालं. दुवानने चिठ्ठीत विचारलं होतं: डोंगर कोसळायच्या आधी पायथ्याचा झरा गढूळ होतो, तर ते गढूळपण कुणी मोजतं का? व्याख्यात्याने तो प्रश्न स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. एचेवेरीबाईंनी नोराल्बाला बोलावून सांगितलं, की हाच तुझा प्रबंध आणि हाच चिलीचा अर्ज.

त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलला. त्यांच्या घरामागचा झरा एके दिवशी गढूळ झाला. आई म्हणाली, झरा रुसलाय. तीन दिवसांनी डोंगर खाली आला, तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नोराल्बाने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

बाईंना खरं काय ते सांगून टाकू, असं ती तीनदा म्हणाली. तोच म्हणाला, राहू दे, प्रश्न वाचला गेला ना, बस्स झालं. तिला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची लाजही वाटली.

समारोपाला चिलीहून निवड समितीचे पाहुणे आले. व्याख्यानमालेने विद्यार्थ्यांना काय दिलं, हे सांगायला नोराल्बाला मंचावर बसवलं होतं. दुवान इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत होता. संपल्यावर थांब, एक बोलायचंय, असं त्याने सांगून ठेवलं होतं. काय बोलायचंय ते तिला ठाऊक होतं. तिचा होकारही तयार होता.

पाहुणे म्हणाले, “हा प्रश्न पुस्तकातला वाटत नाही. तुम्हाला सुचला कसा?”

एवढंच तर सांगायचं होतं, की तो तिथे बसलाय, त्याला विचारा. पण मग चिठ्ठ्या कुणाच्या, प्रबंध कुणाचा, शिष्यवृत्ती कुणाची?

“आमच्या... आमच्या घरामागे झरा होता,” ती म्हणाली. “आई म्हणाली, झरा रुसलाय. तीन दिवसांनी डोंगर खाली आला. आई स्वयंपाकघरात होती.”

एचेवेरीबाईंनी डोळे पुसले. नोराल्बाची आई तिकडे सालामिना गावात पाव विकत होती, धडधाकट होती, आणि निकाल कळवायला संध्याकाळी लेकीचा फोन येईल म्हणून वाट पाहत होती.

तिसरी रांग रिकामी झाली तशी ती धावत बाहेर आली. तो पायऱ्यांवर होता, पाऊस भुरभुरत होता.

“दुवान, मी घाबरले रे. दुसरं काही सुचलंच नाही.”

“चांगलं बोललीस. लोक रडले.”

“तू काहीतरी सांगणार होतास...”

“हो, सांगणार होतो.” तो तिच्याकडे पाहत नव्हता. “प्रश्न सगळे तुझेच होते, नोरा. मी दिलेच होते. आणखीही दिले असते, जन्मभर. आईचं मरण नव्हतं दिलं.”

“मी आत्ता जाते आत. सगळ्यांसमोर सांगते.”

तो क्षणभर थांबला. खरंच थांबला. दार वीस पावलांवर होतं, आत सगळे कॉफी पीत उभे होते. ती गेलीही. पण दारातच एचेवेरीबाईंनी तिला मिठीत घेतलं आणि कानात सांगितलं, की निवड झाली. पाहुणे हात पुढे करून उभे होते. तिने तो हातात घेतला.

बाईंनी तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. पायऱ्यांवर एक तरुण भिजत उभा होता, याच दाराकडे डोळे लावून.

“कोण गं तो?” त्यांनी विचारलं.

नोराल्बाने वळून पाहिलं नाही.

“कुणी नाही, बाई,” ती म्हणाली. “व्याख्यानांना यायचा.”