दुसऱ्या पाळीची पावलं

मी चालण्याचा पगार घेते असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. चाकणच्या एमआयडीसीत एका लांबलचक शेडमध्ये मनगटावर बांधायचे फिटनेस बँड तपासायचं माझं काम आहे. सॉफ्टवेअर अपडेट झालं की बँड पावलं नीट मोजतो का, ते बघायचं. एकानं बँड बांधून चालायचं, दुसऱ्यानं हातात खटक्याचा छोटा काउंटर घेऊन प्रत्येक पावलाला अंगठा दाबायचा, आणि शेवटी दोन्ही आकडे जुळवून पाहायचे. इतकी वर्षं हेच करतेय की आता रस्त्यात मागून कुणाचे बूट वाजले तरी माझा अंगठा आपोआप हलतो. आई म्हणते, "मिनल, स्वतःच्या लग्नात तरी हात पदराखाली ठेव."

याआधीच्या अपडेटनं आमची अब्रू घालवली होती. बायका भाकरी थापायच्या आणि बँड म्हणायचा, शाब्बास, आजचं चालणं पूर्ण झालं. तळेगाव-चाकण रस्त्यावरून कुणी मोटारसायकल नेली की खड्ड्याखड्ड्याला एक पाऊल. दुधानं तोंड पोळलेले आम्ही, यावेळी ताकही फुंकून पीत होतो. चालणाऱ्यांची पावलं मोजून झाली होती, आता न चालणाऱ्याची मोजायची होती. टेबलावर ठेवलेला बँड शून्य दाखवतो त्यात काही विशेष नाही. जिवंत माणसाच्या हातावर तो दिवसभर शून्य राहिला पाहिजे. पण दिवसभर हात न हलवणारा माणूस आणायचा कुठून? माझ्याबरोबर काम करणारा संघर्ष पैज लावून बसला आणि चहाची गाडी यायच्या आत त्यानं दोनदा नाक खाजवलं.

तेव्हा मला बाबांचा डावा हात आठवला.

कुणाला हे निर्दय वाटेल, पण आमच्या धंद्यात डोकं असंच चालतं. पावसाळा सरताना बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये उभा जन्म मशीनपुढे काढलेला माणूस मोशीच्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकीकडे पाठ करून पडून राहायला लागला. व्यायाम करून घ्यायला स्वप्नाली नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. एकदा मला दाराबाहेर नेऊन ती म्हणाली, "ताई, काकांच्या पायात जीव आहे, मनात नाही. हे महिने हातचे गेले तर पुढं मी काही करू शकणार नाही." बाबा तिला बघितलं की डोळे मिटून घ्यायचे. मला त्यांचा फार राग यायचा, आणि त्या रागाखाली इतकी भीती होती की कामावरून आल्यावर मी जिन्यातच जरा वेळ थांबून मग दार वाजवायचे.

ऑफिसात रीतसर विचारून मी बँड घरी आणला. बाबांनाही विचारलं, "बाबा, हा हात कामाला लावू का? नाहीतरी बसूनच खातोय." त्यांच्या तोंडाची चांगली बाजू जराशी हसली. झटका आल्यापासून ते पहिल्यांदाच हसले होते. शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या डाव्या मनगटावर बँड बांधला.

संध्याकाळी पाहिलं तर त्यात पावलं होती. पाच-पंचवीस नाही, हजारोंनी.

"आई, तू यांचा हात हलवलास का?"

"मला दुसरे उद्योग नाहीत?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी बँड बदलला, तरी तेच. उजव्या हाताला बांधला, ज्या हातानं ते जेवतात, माशा हाकलतात, तर जवळजवळ शून्य. आईच्या हाताला बांधून तिला भाकऱ्या थापायला लावल्या, तर शून्य. म्हणजे अपडेट उत्तम होतं. फक्त बाबांच्या त्या लुळ्या हातावर गेलं की त्याला वेड लागत होतं.

पुढच्या शुक्रवारी संघर्षनं आठवडाभराची नोंद स्क्रीनवर उघडली.

"हे बघ. रोज दुपारी तीनला सुरू. मधे चहाची सुट्टी. मग जेवणाची सुट्टी. रात्री साडेअकराला बंद." तो हसला. "ही सेकंड शिफ्ट आहे, राव!"

"आणि काल?"

"काल काहीच नाही."

काल गुरुवार होता. आमच्या या पट्ट्यात रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते. वर्कशॉपं बंद, शेडना कुलपं, टपऱ्यासुद्धा अर्ध्या उघड्या. संघर्ष माझ्याकडे बघत राहिला. "सॉफ्टवेअरला गुरुवार कुणी सांगितला?" असं तो म्हणाला खरं, पण हसला नाही. मग त्यानं पावलांचा आलेख मोठा केला. माणसाची चाल त्यात दिसते. एक उंचवटा मोठा, एक लहान, परत मोठा, परत लहान.

"हा माणूस उजवा पाय जोरात टाकतो. लंगडतोय. काका लंगडायचे का?"

"नाही," मी म्हटलं. बाबा कधीच लंगडत नव्हते. पण असा चालणारा एक माणूस मला माहीत होता, आणि त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

ज्ञानदेवकाका मोशीच्या जुन्या गावातले. वर्कशॉपमध्ये बाबांच्या शेजारचं मशीन त्यांचं. लहानपणी विहिरीच्या काठावरून पडले होते, तेव्हापासून उजवा पाय धप्पकन पडायचा आणि डावा हळूच. खालूनच बाबांना हाक मारायचे, "दादासायेब, हाय का? का अजून झोपलाय?"

आमच्या घरात भुताखेतांना थारा नाही. उतारा नाही, ताईत नाही. सकाळी बुद्धवंदना आणि मग वर्तमानपत्र, यावर आम्ही वाढलो. म्हणून मी शनिवारी रजा टाकली आणि ठरवलं, शेडमध्ये तपासतो तसंच घरी तपासायचं. आई सांगवीला मावशीकडे गेली होती. मी काउंटर घेऊन बाबांच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

लख्ख दुपार होती. पडद्यातून उन्हाची पट्टी फरशीवर पडलेली. खाली पाण्याची मोटार चालू होती, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मग मोटार थांबली आणि बिल्डिंग एकदम गप्प झाली. बाबा जागे होते. घड्याळात तीन वाजले.

आधी वास आला. कूलंटचा. मशीनवर धातू कापताना दुधासारखं पांढरं तेलपाणी सोडतात, त्याचा आंबूस, लोखंडी वास. पूर्वी बाबांच्या कपड्यांना तो असायचा, आई ते कपडे वेगळे भिजवायची. झटका आल्यापासून तो वास घरातून गेला होता. आता तो इतका ताजा होता की मी दाराकडे वळून पाहिलं. दार बंद होतं.

आवाज मात्र काही नव्हता. फक्त फरशीतून माझ्या तळव्यांना काहीतरी कळत होतं. जड... हलकं. जड... हलकं. आणि माझा अंगठा चालायला लागला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं. डोळे मिटून मी मोजत गेले, शेडमध्ये मोजते तशी. ते पलंगाच्या पायथ्याशी यायचं, थांबायचं, वळायचं, परत जायचं. शेवटी मी डोळे उघडून बाबांचं मनगट वर केलं. बँडखालचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

बँडवर मी बसल्यापासून जितकी पावलं वाढली होती, तितकीच काउंटरवर होती. एकाचाही फरक नव्हता. अपडेट अगदी अचूक होतं.

माझी बोबडी वळली. "बाबा... खोलीत कोण चालतंय?"

बाबांनी पलंगाच्या पायथ्याकडे नजर वळवली. तिथं कुणीच नव्हतं. "ज्ञान... देव."

"बाबा... काका गेले ना..."

"पाळी करतोय," बाबा अडखळत म्हणाले. "माझी."

ती रीत मला ठाऊक होती. त्यांच्या वर्कशॉपमध्ये मशीन रिकामं ठेवायचं नाही, हा एकच कायदा. एखादा आजारी पडला तर त्याचा दोस्त आपली पाळी संपवून त्याचीही करायचा. मालक काही बोलायचा नाही. परत आल्यावर त्यानं तेवढ्या पाळ्या फेडायच्या. आणि मशीनवर कुणीच उभं राहिलं नाही, तर तिथं दुसऱ्याचं नाव लागायचं. ज्ञानदेवकाका शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात पडले, तेव्हा त्यांची पाळी बाबांनी केली होती. काका परत आलेच नाहीत. फेड राहून गेली.

"किती दिवस करणार ते?" मी कुजबुजले.

"फेड... संपत आली. येत्या गुरुवारपर्यंत."

"आणि मग?"

वास दाटून आला होता. "मग मशीनवर... माणूस पाहिजे. नाहीतर... नाव निघतं."

कुठल्या मशीनवरून कुणाचं नाव, ते मला विचारावं लागलं नाही. मी त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडले, आणि रडता रडता चक्क भांडलेही. "मग उठा की! तो मेलेला माणूस तुमच्यासाठी राबतोय, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडताय! आमचा विचार तरी करा की हो..." बाबांचा उजवा हात माझ्या केसांवर आला.

"तिला बोलव," ते म्हणाले. "व्यायामवालीला."

तो आठवडा मी जन्मात विसरणार नाही. स्वप्नाली रोज सकाळी यायची आणि चकित व्हायची. बाबा घामाघूम व्हायचे, पायाला शिव्या घालायचे, उशी दातांत धरायचे. पलंगाच्या कडेला बसायला जमलं. धरून उभं राहायला जमलं, पण पाऊल काही उचलेना. दुपारी तीनला वास यायचा आणि खोलीतली ती जड-हलकी पाळी सुरू व्हायची. आईला मी सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीनला तिनं पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर चहाचा कप ठेवला. मी बघतच राहिले.

"ज्ञानदेवभाऊजी चहाशिवाय मशीनला हात लावायचे नाहीत," ती पदराला हात पुसत म्हणाली. "पिणार नाहीत, माहितीये मला. विचारायला काय जातंय?"

गुरुवार गेला. शुक्रवारी आम्ही दोघी दुपारपासून पलंगाशी बसून होतो. तीन वाजले. वास आला नाही. फरशी नुसती फरशी होती. बँडवर शून्य, आणि ते शून्य हलेना. ज्या शून्यासाठी मी बँड घरी आणला होता, तेच आता मला नको होतं. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला. श्वास तोकडा झाला, डावा हात तर बर्फ.

"आई, धर त्यांना!"

आम्ही त्यांना बसवलं. त्यांनी पाय फरशीवर टेकले, उठले आणि धपकन खाली बसले. परत उठले, परत बसले. "उठा हो," आई म्हणाली, "मी कुणाकडं बघू?" आयुष्यात पहिल्यांदा मी तिला असं बोलताना ऐकलं. तिसऱ्यांदा बाबा उभे राहिले. डावा पाय फरशीवर घासत, थरथरत, विटेएवढा पुढे आला.

माझा रिकामा अंगठा हलला. बँडवर एक आलं.

मग दुसरं. मग भिंत धरून दारापर्यंत. दाराच्या चौकटीला टेकून बाबा लहान मुलासारखे हसले, त्यांच्या गालावर रंग चढला, आणि आई चौकटीखालीच बसून हमसून हमसून रडायला लागली. मी सोमवारी ऑफिसात लिहून दिलं की अपडेटमध्ये दोष नाही.

आता बाबा घरभर चालतात. व्यायामाच्या वेळा चुकवत नाहीत, स्वप्नालीलाच रागावतात, उशीर झाला म्हणून. गेल्या आठवड्यात तिनं जिना उतरायला परवानगी दिली. डावी बाजू अधू, तेव्हा आधार डावीकडून द्यायचा, असं तिनं मला शिकवलंय. जिन्याच्या तोंडाशी मी त्यांच्या डावीकडे गेले.

"इकडं नको," बाबा म्हणाले. "उजवीकडं ये."

"अहो, पण डावा पाय..."

"डावीकडं जागा नाही."

एसटीत शेजारची सीट धरून ठेवलेली असते तेव्हा माणूस जसं सांगतो, तितक्या सहज. आमचा जिना चांगला रुंद आहे. त्यांचा डावा हात, ज्यात अजून चमचा टिकत नाही, कमरेपासून वर उचलला होता आणि मूठ कशावर तरी टेकल्यासारखी अर्धवट मिटली होती. फेड तर केव्हाच संपली होती. मी निमूट उजवीकडे गेले. आम्ही उतरायला लागलो, आणि बाबा एकदाही डगमगले नाहीत.

मधल्या वळणावर समोरच्या फ्लॅटमधल्या अंजलीवहिनी भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. बाबांना पायावर बघून त्यांना इतका आनंद झाला की त्या टाळीच वाजवणार होत्या. "उतरा, उतरा, आधी तुम्ही सगळे उतरा," म्हणत त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आम्ही दोघं त्यांच्यासमोरून गेलो. चार पायऱ्या खाली आल्यावर मी मागं वळून पाहिलं. वहिनी अजून तशाच उभ्या होत्या, पिशवी पोटाशी धरून, अंग चोरून. मग हसून त्यांनी कुणाला तरी मान डोलावली आणि वर गेल्या.