हिरव्या रेघेवरचा हात

नागरी रक्षादलाच्या शस्त्रपरीक्षा प्रयोगशाळेत त्या सकाळी टेबलावर तीन उपकरणे मांडून ठेवली होती. जवानांनी घरी सराव करण्यासाठी त्यातले कोणते घ्यायचे, हे ठरवायला बैठक बोलावली होती, असे कागदावर तरी म्हटले होते. खरे ठरायचे होते ते वेगळेच. उपनिरीक्षक रेश्मा तडवी हिला दुपारी अटक करायची की नाही, हा प्रश्न होता आणि ती स्वतः टेबलाच्या टोकाशी बसलेली होती.

दोन दिवसांपूर्वी संध्याकाळी दलाच्या शस्त्रागारात पहारेकऱ्याच्या पाठीत गोळी लागली. बिचारा वाचला, पण झाडणारा त्याला दिसला नाही. गोळी तडवीच्या पिस्तुलातून सुटलेली होती. पिस्तुले शस्त्रागाराच्या खणात ठेवलेली असत आणि तिथे दलातल्या कुणालाही जाता येई. त्याची फिकीर कुणी करत नसे, कारण प्रत्येक पिस्तुलाला हस्तकुलूप होते.

चाप ओढायला लागताना बोटाचा दाब कसा चढतो, नळीचे टोक किती आणि कुठे थरथरते, याचा आलेख ते कुलूप क्षणात काढी. या आलेखाला कंपठसा म्हणत. ठसा मालकाशी जुळला तरच चाप पुढे सरके, आणि कुणासाठी सरकला हे कुलपाच्या स्मृतीत राही. त्या संध्याकाळची नोंद स्वच्छ होती. रेश्मा तडवी.

"मी घरी होते साहेब," तडवी म्हणाली. "कोरडा सराव करत होते."

"एकट्याच?" उपअधीक्षक बाळकृष्ण ऐनापुरे यांनी विचारले. ते दलाचे प्रशिक्षणप्रमुख, आणि या गोळीबाराची चौकशीही त्यांच्याकडेच. चहात साखर कमी लागली तरी ती कुणी काढून घेतली असेल याचा विचार करणारा माणूस. आता तर त्यांच्या हातात सबळ पुरावा होता.

"मिस्टर होते. स्वयंपाकघरात."

कोरडा सराव म्हणजे गोळीशिवायचा सराव. भिंतीवर लक्ष्य चिकटवायचे आणि पुन्हा पुन्हा चाप ओढायचा. त्यासाठी दलाने सगळ्यांना गोळी न चालणारे, पण वजनाने अगदी खऱ्यासारखे पिस्तूल घरी दिले होते. टेबलावरची उपकरणे त्याच्याबरोबरच वापरायची होती आणि प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. वसुधा केळुसकर ती गेले काही महिने तपासत होत्या.

"आधी उपकरणांचं बोलू," त्या म्हणाल्या.

"मॅडम, इथे माणूस मरता मरता वाचलाय."

"म्हणूनच." त्यांनी पहिले उचलले. "हे प्रकाशकाडतूस. गोळीच्या जागी बसतं. चाप ओढला की भिंतीवर लेझरचा ठिपका उमटतो. स्वस्त आहे, प्रामाणिक आहे. पण नेम चुकला एवढंच सांगतं, का चुकला ते सांगत नाही. दुसरा हा बोलका लक्ष्यफलक. ठिपका लागला की वाजतो आणि वेळ मोजतो. याच्यामुळे पोरं घाई करायला शिकली, दुसरं काही नाही."

"आणि सव्यसाची?" ऐनापुरे म्हणाले. तिसऱ्या उपकरणाचा त्यांना भारी अभिमान. "माझ्याकडे बघा. पन्नाशी उलटल्यावर माझा नेम सुधारला. रोज घरी सराव करतो. ज्यांना ज्यांना ते चाचणीसाठी दिलं, ते सगळे बाकीच्यांच्या किती पुढे गेले."

सव्यसाची नळीखाली बसे. ते हाताची थरथर आणि चापावरचा दाब सतत टिपून मोबाइलवर लाल रेघ काढी. शेजारी एक हिरवी रेघ असे, ती आदर्श हाताची. लाल रेघ हिरवीपासून ढळली की तळहातात बारीकशी गुदगुली होई आणि हात आपोआप सावरे. थोड्याच दिवसांत गुदगुली बंद होई, कारण रेघ ढळायचीच थांबे.

"फारच चांगलं आहे ते," केळुसकर म्हणाल्या. "म्हणूनच मला त्याचा संशय येतो."

ऐनापुरे हसले. "संशयाचं खातं माझ्याकडे आहे मॅडम."

"मग हे बघा." त्यांनी पडद्यावर दोन आलेख लावले. "हा शस्त्रागारातल्या पिस्तुलाच्या कुलपाने टिपलेला. आणि हा तडवींच्या घरच्या सव्यसाचीने टिपलेला, त्याच वेळचा. गोळी सुटली तेव्हा घरीही कुणीतरी चाप ओढत होतं."

ऐनापुऱ्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. "नवरा. बायको इकडे आली, नवऱ्याने तिकडे बसून चाप ओढला. पुरावा तयार."

"माझे मिस्टर झुरळावर चप्पल उगारत नाहीत साहेब," तडवी म्हणाली.

"समजा, नवऱ्यानेच ओढला," केळुसकर म्हणाल्या. "पण घरच्या आलेखातला ठसाही तडवींचाच आहे. बोटाच्या दाबापासून थरथरीपर्यंत. एक हात एकाच वेळी दोन ठिकाणी. याचा अर्थ एकच निघतो. तो ठसा आता एकाच माणसाचा राहिलेला नाही."

"हस्तकुलपाची चाचणी झाली होती. एकाही परक्या हातात ते उघडलं नाही," ऐनापुरे म्हणाले.

"कुणाचे हात होते ते? मी काल विचारून घेतलं. कारकून, माळी, भटारखान्यातले लोक. ज्यांनी जन्मात पिस्तूल धरलं नव्हतं ते. तयार नेमबाजांना चाचणीला पाठवायला दलाने नकार दिला. त्यांचा सराव बुडेल म्हणून."

तो नकार ऐनापुऱ्यांच्याच सहीचा होता.

"नवखा माणूस चुकतो," केळुसकर सावकाश सांगू लागल्या. "कुणी चापाला हिसका देतो, कुणाचं मनगट खाली पडतं, कुणी श्वास भलत्या क्षणी धरतो. प्रत्येकाची चुकण्याची तऱ्हा वेगळी, म्हणून ठसे वेगळे. आपण हात ओळखतोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात आपण चुका ओळखत होतो. आणि सव्यसाची काय करतं? चुका पुसून टाकतं. सगळ्यांच्या. एकाच रेघेवर आणून ठेवतं."

"ती हिरवी रेघ कुणाची?" तडवीने विचारले. विचारतानाच उत्तर तिला उमगले असावे, कारण तिने हात टेबलाखाली घेतला.

"सव्यसाची बनवणारी कंपनी म्हणाली, तुमच्या दलानेच पाठवली," केळुसकर म्हणाल्या.

"मी पाठवली," ऐनापुरे म्हणाले. "त्यांना उत्तम हात हवा होता. आपल्याकडे तडवींचा हात धरणारा कोण आहे?" मग ते एकदम उठले. इतका वेळ हातात असलेली केस निसटते आहे हे त्यांना सोसवेना. "हे सगळं तर्कट आहे मॅडम. ते पिस्तूल आणा इकडे. माझ्याइतका सव्यसाचीवर कुणी सराव केलेला नाही. माझ्या हातात उघडत नाही म्हटल्यावर तुमचं म्हणणं संपलं."

पुराव्याचे पिस्तूल आणले. दलाच्या रिवाजाप्रमाणे ते दोघींनी तपासले. केळुसकरांनी डोळ्याने आणि तडवीने आत करंगळी घालून. रिकामे होते. ऐनापुरे चुकून सुटलेली गोळी अडवणाऱ्या वाळूच्या पेटीकडे वळले, हात लांब केला आणि चाप ओढला.

खट् असा साधा आवाज झाला. चाप शेवटपर्यंत गेला होता. पडद्यावर कुलपाची नवी नोंद उमटली. रेश्मा तडवी.

तडवीच्या छातीवरचे ओझे उतरले. तिला रडू येत होते आणि ऐनापुऱ्यांसमोर रडायचे नव्हते.

केळुसकरांनी पिस्तूल त्यांच्या हातातून काढून घेतले. "सव्यसाची किती जणांना दिलं होतं साहेब?"

"माझ्या सगळ्या तुकडीला."

"त्यातल्या ज्यांचा नेम चांगला झाला, ते सगळे आता संशयित. ज्यांचा सुधारला नाही, ते सुटले." त्या खुर्चीत बसल्या. "परवा संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"मी?" ऐनापुऱ्यांनी आधी त्यांच्याकडे, मग तडवीकडे पाहिले. "घरीच. सराव करत होतो."

"नोंद असेल?"

"असेल. पण तीही यांच्याच ठशाची..." ते थांबले. "मी नाही झाडली ती गोळी. तडवी, तुम्ही तरी सांगा यांना. तुम्हाला ठाऊक आहे हे कसं असतं."

तडवीला ठाऊक होते. दोन दिवस ती हेच वाक्य सांगत फिरली होती, आणि कुणी ऐकले नव्हते. तिने त्यांच्या हाताकडे पाहिले. तो बिलकूल थरथरत नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली, पण तिचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही.