उजवीकडची जागा

शालिग्राम पाटलांची थोरली लेक शारदा बाळंतपणाला माहेरी आली आणि तिच्या मुलाचं बारसं झालं, ते साल एकोणीसशे एकोणसत्तर. पौष महिना, संक्रांत तीन दिवसांवर आलेली. घुगऱ्या वाटून बायका उठतच होत्या, तेवढ्यात शेतावरचा गडी निवृत्ती धापा टाकत आला. म्हणाला, देऊळगाव राजाच्या रस्त्यावर, आपल्या ज्वारीच्या वावरापाशी, एक घर बंद पडलं.

"घर कसं बंद पडते रे?" सुभद्राबाई आत्या म्हणाल्या. "सक्काळीच पेला का?"

"आईची आन, आत्याबाई! खिडक्या हायेत, पडदे हायेत, आतमंदी चूल हाये. अन् खाली चाकं हायेत."

प्रेमला ही शारदाची धाकटी बहीण. मेहकरला मामाकडे राहून मॅट्रिक झालेली. झाकलेलं काही दिसलं की उघडून पाहायची तिला लहानपणापासून खोड होती. चाकावर चूल म्हटल्यावर ती कसली थांबते! वडील म्हणाले, "गोरे लोक हायेत म्हनते. तुले इंग्रजी येते, चाल." सोबतीला आत्या निघाल्या. सोबत हे निमित्त, त्यांनाही चूल पाहायची होती.

गाडी आकाशी रंगाची होती. एक चाक रस्त्याच्या कडेच्या चरात, आणि सगळं घर उजवीकडे झुकलेलं. दारातल्या पायरीवर एक पिवळ्या केसांची बाई बटाटे सोलत बसली होती. तिच्यापासून दहा पावलांवर एक उंच पुरुष दगडावर बसून दुसरीकडे पाहत होता. त्यांच्यात नुकतंच काही बिनसलंय हे कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"मॅट्रिकवाल्या बाई आल्या का?" पाय म्हणाले. "त्याईले सांगा, कमानीचा पाटा तुटला. दुसरा आनावा लागते."

प्रेमलानं गोऱ्या बाईकडे पाहिलं, मग पुन्हा पायांकडे.

"सांगा न!"

"पाट्याले इंग्रजीत काय म्हनतात, मले नाही मालूम."

"मंग मॅट्रिकमंदी शिकवलं काय?"

"पुस्तकात गाडी होती. थे तुटत नव्हती."

गाडीखाली कोणीतरी मनापासून हसलं. मग पाय सरकले, आणि तेलानं माखलेला एक चेहरा बाहेर आला. उद्धव होता तो. पलीकडच्या गावचा, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणारा. पाटलांच्या मळ्यात तो चार वेळा येऊन गेला होता आणि चारही वेळा प्रेमलानं त्याला दाराआडून पाहिलं होतं. एवढ्या जवळून... नाही. त्याच्या भुवईवर तेलाचा काळा पट्टा होता. पुसून टाकावा असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचंच तिला नवल वाटलं.

शेवटी तिनं दोन काटक्या उचलल्या, एक मोडून दाखवली, एक धरून दाखवली. गोऱ्या बाईनं मान हलवली. ती डेन्मार्क नावाच्या देशातली होती. नाव कारेन, पुरुषाचं येन्स. त्यांचं इंग्रजीही प्रेमलासारखंच अडखळत चालायचं, म्हणून जमलं.

गाडीचं वजन पेलणारा तो पोलादी पाटा आणायला उद्धव देऊळगाव राजाला गेला. मोडीत निघालेल्या ट्रकचा पाटा शोधायचा, लोहाराच्या भट्टीत तापवून बेतायचा, म्हणजे तीन दिवस तरी जाणार. तेवढे दिवस प्रेमला रोज वावराकडे जायची. हुरडा भाजायचा, कारेन तिळाच्या चटणीबरोबर खायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा हात पुढे करायची. प्रेमलाचे प्रश्न संपत नव्हते. गाडीत चूल पेटवली तर छत तापत नाही का? पाऊस आला की कपडे कुठे वाळवता? तुमची सासू कुठे झोपते?

एक प्रश्न मात्र कारेनच्या बाजूनं आला. "तुझं लग्न?"

प्रेमलानं सांगितलं. पौष सरला की नांदुऱ्याचे पाहुणे बघायला येणार. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, घर चांगलं.

"तू त्याला भेटलीस?"

"नाही."

"मग तुला कसं कळणार?"

तिनं उलट विचारलं, "तुला कसं कळलं?"

कारेननं गाडीच्या पुढच्या दोन जागांकडे बोट केलं. त्यांच्या देशात रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. इथे डावीकडून चालायचं, त्यामुळे पुढे बैलगाडी असली की चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नाही. दिसतं ते उजवीकडे बसलेल्याला. "मी सांगायचं, जा किंवा थांब. त्यानं ऐकायचं. तुर्कस्तानापर्यंत ऐकत होता. हल्ली मी थांब म्हणते आणि तो जातो." तिनं चराकडे पाहिलं. "परवाही गेला."

संक्रांतीच्या दिवशी मंजुळाबाईंनी, म्हणजे प्रेमलाच्या आईनं, हळदीकुंकवाला कारेनलाही बोलावलं. परदेशची सवाष्ण दारात आलीय, तिला रिकामं कसं पाठवायचं? कारेन शारदाचं हिरवं लुगडं नेसून आली. दोनदा सुटलं, दोनदा नेसवलं. बायका हसून हसून दमल्या. तिच्या ओटीत तांदूळ पडले, खण पडला, नारळ आला. मग शेजारची कलाबाई म्हणाली, "आता नाव घ्याले सांग तिले, प्रेमला. घेतल्याबिगर उठू नाही द्याचं!"

प्रेमलानं इंग्रजीत समजावलं, नवऱ्याचं नाव दोन ओळींत गुंफून घ्यायचं.

कारेनचा चेहरा एकदम लाल झाला. ती हळूच म्हणाली, "तो माझा नवरा नाही. अजून नाही."

अंगणातल्या वीस बायका प्रेमलाकडे पाहू लागल्या.

"काय म्हनते थे?"

कुंकू कुमारिकेलाही लावतात. पण ओटी? ओटी भरायची ती सवाष्णीची. हे कळलं असतं तर आईच्या हातून काय झालं म्हणून घरात रडारड झाली असती. लग्नाशिवाय एका गाडीत राहणाऱ्या माणसांना तुटक्या गाडीसकट गावाबाहेर काढलं असतं. आणि नांदुऱ्याला निरोप गेला असता, की पोरगी तीन दिवस त्याच गाडीत बसून होती. प्रेमलानं कारेनच्या ओटीतला नारळ नीट केला. मग तिचं तिलाच ऐकू आलं...

"थे म्हनते —
देऊळगावच्या रस्त्यावर मोडला गाडीचा पाटा,
येन्सरावांसंगं चालीन मी साऱ्या जगाच्या वाटा!"

बायकांनी टाळ्या पिटल्या. कारेननं काही न कळता टाळ्या पिटल्या. आणि बाहेरच्या दारात, पाटा खांद्यावर घेऊन आलेला उद्धव तेवढा टाळी न वाजवता उभा होता.

पाणी द्यायला प्रेमला दाराशी गेली तेव्हा तो तांब्या तोंडाला न लावताच म्हणाला, "उखाना तिचा नव्हता."

"काऊन?"

"थे चार शब्द बोलली. तुमी दोन ओळी बोलल्या."

"इंग्रजी भाषाच तशी हाये. थोडक्यात लई येते."

"हाव का? अन् त्यात पाटा बी येते? परवा तं पाट्याले शब्द नव्हता."

प्रेमलाला हसू आवरेना, आणि भीतीही वाटली. "कोनाले सांगान?"

"मी इंजिनचा मानूस हाये," उद्धव म्हणाला. "आतला आवाज आयकतो. बाहीर बोंबलत नाही."

दुसऱ्या दिवशी पाटा बसला. गाडी सरळ उभी राहिली, वजन घालून एक फेरी मारून पाहायची होती. येन्स स्वतः निघाला, तर कारेननं त्याला हाताला धरून खाली बसवलं आणि ती प्रेमलाला म्हणाली, "तू बस. एकदा त्या जागेवर बसून पाहा." बोलताना तिनं पाहिलं मात्र उद्धवकडे.

"करीच्या दिवशी गाव सोडते का कोनी?" आत्या कुरकुरल्या, आणि सगळ्यांच्या आधी मागच्या दारानं आत चढल्या. "ह्या घराले उंबरठाच नाही बाप्पा! पाय कुठं ठेवावा?" मग चुलीला हात लावून पाहिला, गादीवर बसल्या, आडव्या झाल्या, आणि गाडी शंभर हात गेली नाही तोच घोरू लागल्या.

आपल्याकडे चालवणारा बसतो, त्या बाजूला प्रेमला बसली होती. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं तिला पाहिलं, तिच्यासमोर स्टिअरिंग नाही हेही पाहिलं, आणि तो सायकलीसकट बाभळीत शिरला. प्रेमला खिडकीतून मागे वळून हसत राहिली. वाऱ्यावर हरभऱ्याचा आंबूस वास येत होता.

पुढे कापसाची गाडी लागली. कापूस दोन्ही बाजूंनी फुगलेला, रस्ता दिसेना.

"मले काही दिसत नाही," उद्धव म्हणाला. "जाऊ का?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. कुठे जायचं, कधी जायचं, हे तिला नेहमी सांगितलं गेलं होतं. ती पुढे वाकली. रस्ता मोकळाच वाटत होता, फक्त वळणापलीकडे जरा धूळ...

"थांबा."

तो थांबला. काऊन, कशाले, काही नाही. बैलांच्या चालीनं गाडी चालू लागली. आणि वळणावरून एक मालट्रक धुरळा उडवत अंगावरून गेल्यासारखा निघून गेला.

उद्धवनं तिच्याकडे पाहिलं.

"आता?"

"आता जा."

कापसाची गाडी मागे पडली. नाल्याच्या पुलावर उद्धवनं इंजिन बंद केलं. पाटा आवाज करतो का ते पाहायला, असं तो म्हणाला. पाटा काहीच आवाज करत नव्हता. मागून आत्याचं घोरणंही थांबलं होतं, पण ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"नांदुऱ्याचे लोक येऊन राह्यले न? पौष सरला की?"

"हाव."

"तुमाले... पसंत हाये?"

"मले कोनी इचारलंच नाही."

उद्धवनं स्टिअरिंगवरचा हात काढला, पुसला, पुन्हा ठेवला. मी सातवी नापास, त्यानं मनात म्हटलं असेल. पण तो बोलला ते वेगळंच. "मी इचारतो. तुझ्या बाबांकडं येऊ का मी? मले पुढचं काही दिसत नाही, प्रेमला. तू सांग... जाऊ?"

तुमीचं तू झालं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. रस्ता समोर सरळ पडला होता आणि ती मुद्दाम बराच वेळ पाहत राहिली.

"थांबा," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"तुमच्या भुवईवर तेल हाये. असं जाल का बाबांसमोर?" तिनं पदराच्या टोकानं तो पट्टा पुसला. "आता जा."

"आता मी बी उठू का?" मागून आवाज आला.

प्रेमला दचकून आदळायचीच राहिली. सुभद्राबाई गादीवर उठून बसल्या होत्या. डोळ्यांत झोपेचा लवलेश नाही.

"आत्या, तू जागी होती?"

"इतकं गुलुगुलू चालू असल्यावर झोप लागते का?" मग त्या जरा थांबल्या. खिडकीचा पडदा त्यांनी उगीच सरकवला. "मले नवव्या वर्षी बैलगाडीत बसवलं. मांगच्या बाजूले. गाडी कुठं चालली हे बी नाही सांगतलं कोनी. घर आलं तवा कळलं, हे आपलं घर. चाल रे पोरा, घे मांगं गाडी. शालिग्रामशी पह्यले मी बोलतो."

त्या बोलल्या. दोन दिवस घरात भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी शालिग्राम पाटलांनी लेकीला ओसरीवर बोलावून, तिच्याकडे न पाहता, विचारलं, "तुह्यं म्हननं काय हाये?" आणि नांदुऱ्याला नकाराचं पत्र गेलं.

आकाशी गाडी त्याआधीच निघाली होती. निघताना कारेन उजवीकडे बसली आणि येन्सनं तिला काहीतरी विचारलं. तिनं वाकून रस्ता पाहिला, मान हलवली, मगच गाडी हलली. पुढच्या संक्रांतीला डेन्मार्कहून एक कार्ड आलं. खाली सही एकट्या कारेनचीच होती. प्रेमलाला ते फार दिवस खुपत राहिलं. उद्धव म्हणायचा, "जागा पुरली नसंल."

एकोणसत्तरच्याच वैशाखात प्रेमला-उद्धवचं लग्न झालं होतं. बारा वर्षांनी उद्धवनं एक जुनी जीप घेतली, मागे स्टोव्ह बसवला. दर करीला, लोक नको म्हणत असताना, दोघं निघायची. लोणार, सिंदखेड राजा, एकदा थेट नाशिक. स्टिअरिंग आता उजवीकडेच होतं, उद्धवला सगळं दिसत होतं. तरी बैलगाडी आडवी आली की तो विचारायचा, "जाऊ?"

मेहकरच्या दवाखान्यातही त्यानं डोळे न उघडता तेच विचारलं. प्रेमलानं त्याच्या भुवईवरून बोट फिरवलं आणि ती म्हणाली, "थांबा."

तो दोन दिवस थांबला.

सुभद्राबाई एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या श्रावणात वारल्या. उद्धव वारला तो दोन हजार अकराच्या जानेवारीत, करीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.