मधली मोकळी जागा

तोरदिसबाई दोन फोटो घेऊन आमच्या फोटोच्या दुकानात आल्या तेव्हा गुरो, माझी भागीदार, छपाईयंत्राशी झटत होती. खाली क्रिस्तिआनसुंद बंदराच्या धक्क्यावर सीगल कोकलत होते.

पहिला फोटो यंदाच्या उन्हाळ्यातला. चार म्हातारी भावंडं पिवळ्या लाकडी भिंतीसमोर ओळीने उभी. तोरदिसबाई आणि त्यांच्या भावाच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सुटलेली. दुसरा फोटो जुना, काळापांढरा. लोकरी स्वेटर घातलेला सहा वर्षांचा मुलगा.

"हा सिव्हेर्त. आमचं शेंडेफळ," त्या म्हणाल्या. "धक्क्यावर खेळायला गेला तो परत आला नाही. समुद्रातही सापडला नाही. याला आमच्यात उभं कर, आर्विड."

"असाच, लहान?"

"फोटो आहे तो एवढाच," त्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवू लागल्या.

काम सोपं होतं. संगणकावर मुलाला मागच्या झाडांपासून कापून वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरावर, घेतलं. मग मोकळ्या जागेत, सहा वर्षांच्या मुलाची उंची धरून, पाथ आखला. पाथ म्हणजे बिंदू जोडत काढलेली बारीक रेघ. ती छपाईत येत नाही, नुसती मापाला असते. लेअर लहान करून रेघेत बसवला. पाय गवताला टेकले, डोकं बहिणीच्या कमरेपाशी आलं. फाईल साठवून मी जेवायला गेलो.

परत आलो तर मुलाचं डोकं रेघेच्या वर गेलं होतं.

माझीच चूक असणार. पुन्हा मापात बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाईल उघडली तर डोकं परत बाहेर, आणि आता खांदेही.

"गुरो, माझ्या फाईलला हात लावलास?"

"तुझ्या मशीनचा पासवर्ड मला ठाऊक आहे का? चष्मा बदल, म्हाताऱ्या."

मी लेअरला कुलूप लावलं, म्हणजे तो हलवता किंवा ताणता येणार नाही. शिवाय फाईलची एक प्रत घरी नेली. सोमवारी दोन्ही शेजारीशेजारी लावल्या. दोन्हींत तो सारखाच वाढला होता.

तो ताणला गेला असता तर मला समजलं असतं. ताणलेल्या चित्रात डोकंही त्याच प्रमाणात मोठं होतं, कडा फुटतात. इथे कडा स्वच्छ होत्या. गाल आत गेले होते. मनगटं बाह्यांतून बाहेर आली होती.

मी गुरोला बोलावलं. तिने बराच वेळ पाहिलं.

"हा लहान मुलगा होता ना?" तिने हळूच विचारलं. त्यानंतर तिने चष्म्यावरून विनोद केला नाही.

पुढच्या दिवसांत मी रेघ पुसून नवी आखत गेलो, दर वेळी थोडी मोठी. त्याला दाबून पुन्हा लहान करणं मला जमेना. स्वेटर गेला, कोट आला. कोटाला निळा रंग होता. मी दिला नव्हता.

मग केस विरळ झाले.

पाठ किंचित वाकली.

शुक्रवारी तो भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. मधे जागा उरली नव्हती. शनिवारी मोजून पाहिलं. वाढ थांबली होती.

मी तोरदिसबाईंना फोन केला. "काम बिघडलंय. तुम्ही सांगितलं तसं राहिलं नाही."

"जे आहे ते छाप," त्या म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा मी छापलेला फोटो काउंटरवर पालथा ठेवला होता. समजावून काय सांगायचं हे ठरवत होतो. त्यांनीच तो सुलटा केला, खिडकीपाशी नेला. गुरोने यंत्र बंद केलं.

त्यांचा चेहरा जराही बदलला नाही. नख सिव्हेर्तच्या कपाळावर टेकवलं. तिथे एक खोक होती, अजून लालसर. ती माझ्या नजरेस पडली नव्हती.

"ही गेल्या हिवाळ्यातली," त्या म्हणाल्या. "बर्फावर घसरला. काठी घेऊन जा म्हणून किती सांगते, ऐकतो कुठे."