बंद फलाटावरचं उत्तर

हसायचं तर खुशाल हसा. पण हे घडलंय. माझ्या थोरल्या मामांच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी, शहराच्या रस्त्याखाली.

मामा गवंडी. भुयारी स्टेशनात कामाला होते.

ते स्टेशन फार जुनं. कसं बांधलं, ठाऊक आहे? आधी रस्ता उकरला. खड्ड्यात विटांची कमान बांधली. वर माती लोटली आणि रस्ता होता तसा केला. म्हणून तिथे फलाटावर उभं राहिलं की डोक्यावरून बसगाड्या घरघरतात.

दुसऱ्या फलाटात पाणी झिरपायचं. तो कायमचा बंद करायचं ठरलं. भिंत उभी राहिली. माणूस जाईल एवढी फट उरली.

अशी फट बुजवण्याआधी गवंडी थापीच्या दांड्याने दोनदा ठोकतात. आतून उत्तर आलं, तर कुणीतरी आत राहिलंय. मग वीट लावायची नाही.

मामांनी ठोकलं. टक... टक.

आतून... टक... टक.

मामांचा धाकटा भाऊ शेजारीच होता. त्याला सगळे बारक्या म्हणत. तो हसला. "डबा खाऊन पसरला असेल कुणीतरी. थांब दादा, कान धरून आणतो."

बॅटरी घेऊन तो आत गेला.

उजेड कमानीवरून सरकला... आणि दिसेनासा झाला.

"बारक्या!"

"आलो, दादा..." डावीकडून.

"आलो, दादा..." तोच आवाज, छतातून.

मग काहीच नाही.

सगळ्यांनी शोधलं. फलाटाची दोन्ही टोकं बंदच होती. चिखलात त्याच्या बुटांचे ठसे मधोमध गेले होते, आणि... तिथेच संपले होते.

बरेच दिवस गेले. पाणी चढू लागलं.

"वरचा रस्ता खचेल," मुकादम म्हणाले. "बुजव आता."

"आधी ठोकू द्या."

टक... टक.

मुकादमांचा हात भिंतीवर टेकलेला होता.

आतून... टक... टक.

त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढला.

"ऐकलंत ना?"

"नाही. वीट घे."

"साहेब, माझा भाऊ आहे हो तो!"

"भाऊ आहे, तर बाहेर का येत नाही?" मुकादमांचा आवाज फाटला. "फट उघडीच आहे ना?"

मामांनी वीट घेतली.

फट बुजवली.

घरी आजीने एवढंच विचारलं, "बुजवायच्या आधी ठोकून पाहिलंस ना रे?"

"पाहिलं, आई. आतून काही आलं नाही."

खरं काय ते मामांनी मला सांगितलं, आजी गेल्यावर. आत बारक्या होता की दुसरंच कुणी, हे मला अजून ठरवता येत नाही.

ठरवावंसंही वाटत नाही. कुठलंही खरं निघालं, तरी मामांना झोप नाहीच.