चार नंबरची डबी

दुपारी साडेतीनला औंढा नागनाथ पोलीस ठाण्यातला फोन वाजला. बोलणारी बाई घाबरलेली होती, पण सांगणं नेमकं होतं. लॉजवर उतरलेली एक जर्मन पाहुणी सकाळी एकटीच डोंगराकडे गेली होती. बारापर्यंत परतणार होती. अजून पत्ता नाही, निरोप नाही.

फौजदार दीपमाला घुगे हिने नाव विचारलं.

"पुनम. व्यंकटरावांच्या लॉजवरून बोलून राहिले. मॅडम, त्या सदुसष्ट वर्षांच्या हायेत."

जानेवारीचा दिवस होता. दोन-अडीच तासांत अंधार पडणार होता. दीपमालाने हवालदार मोहनसिंगला जीप काढायला सांगितली.

लॉज देवळामागच्या रस्त्यावर होतं. दोन मजले, बारा खोल्या. व्यंकटरावांनी ते यात्रेकरूंसाठी बांधलं होतं, पण अलीकडे परदेशी पाहुणेही येऊ लागले होते. कुणी जवळच्या वैज्ञानिक प्रकल्पाच्या कामावर, कुणी दर्शनाला, कुणी माळावरचे पक्षी बघायला. या लोकांची मोठी अडचण म्हणजे इंटरनेट. इथलं सिम घ्यायचं तर कागदपत्रं लागतात, ती होईपर्यंत पाहुण्याची निघायची वेळ येते. व्यंकटरावांच्या धाकट्या सुनेने, पुनमने, त्यावर उपाय काढला. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, खिशात मावणारी वायफायची पाच यंत्रं तिने आणली, आत लॉजच्या नावाची सिम घातली आणि ती पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. घरात सगळे त्यांना डबी म्हणत. प्रत्येक डबीच्या पाठीवर पुनमने गुलाबी नेलपॉलिशने नंबर टाकला होता.

लॉजला वरची चांगली कमाई होऊ लागली. दिवाळीत पेपरमध्ये पुनमचा फोटो आला. काउंटरमागच्या भिंतीवर ते कात्रण चौकटीत लावलं होतं.

दीपमालाने एकेकाला विचारायला सुरुवात केली.

पुनमने वही पुढे केली. कुणाला कोणती डबी द्यायची ते ती आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवायची. जर्मन पाहुणी एल्के बाई, दोन नंबर. मॉरिशसहून आलेले मराठी वंशाचे गोविंदजी, चार नंबर. त्या दिवशी बाकीच्या डब्या कपाटातच होत्या. एल्के बाईकडे फोन नव्हता. पक्ष्यांची चित्रं, नकाशा, मुलीशी बोलणं, सगळं त्या टॅबवरच करायच्या. सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी त्यांनी नाश्त्याच्या ताटाचा फोटो मुलीला पाठवला होता. त्यानंतर त्यांच्याकडून काहीच नाही.

"तुम्ही त्यांना निघताना भेटलात?"

"न्हाई. लेकराला शाळेसाठी तयार करत होते. डबी काल सायंकाळीच त्यांच्या हातात दिली होती. दहा वाजता मी गोविंदजींसंगं देवळाच्या रस्त्यावर होते. त्यांनी माझी मुलाखत मोबाईलवरून थेट मॉरिशसच्या मराठी लोकांना दाखवली."

थोरली सून आशाबाई सैपाकघराच्या दारात उभी होती. तिने एल्के बाईला भाकरी आणि पिठलं बांधून दिलं होतं. त्या साडेसातला ऑटोने गेल्या, एवढंच तिने सांगितलं. पुनमकडे तिने पाहिलंही नाही.

पुनमचा नवरा शिवशंकर काउंटरवर बसला होता. दीपमालाने त्याला डबीबद्दल विचारलं.

"मला काय विचारता, मॅडम. कोणाला कोणती दिली ते तिचं तिला ठाऊक. मी ती वही कधी उघडून बी बघत न्हाई."

मोहनसिंगने तोवर माळावर मेंढरं चारणाऱ्यांना फोन लावले होते. सव्वापाचला त्यांच्यातल्या जळबाचा उलटा फोन आला. त्याच्या मेंढ्या एका नाल्याच्या काठावर अडून बसल्या होत्या. खाली बघितलं तर गोरी बाई. पाय मोडलेला, ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. त्याने पाणी पाजलं, अंगावर घोंगडी टाकली. त्याच घोंगडीत घालून चौघांनी तिला रस्त्यावर आणलं.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पायाला आधार बांधला. रात्र उघड्यावर गेली असती तर या वयात सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. एल्के बाई हळूहळू बोलत होत्या आणि पुनम त्यांचं इंग्रजी मराठीत सांगत होती. ऑटोतून उतरल्यापासून टॅबवर एकही निरोप आला नव्हता. डोंगरात रेंज नसेल असं त्यांना वाटलं. अकरा वाजता पाय घसरला. मग सहा तास त्या डबी हातात उंच धरून पडून होत्या. डबीचा हिरवा दिवा लागलेला होता, पण नेट येत नव्हतं.

"तिथं रेंज येती, मॅडम. आमी कैकदा पाहिली," पुनम म्हणाली.

शिवशंकर दाराशी उभा होता. तो खाटेकडे बघत नव्हता. पुनम इंग्रजी बोलत होती आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

दीपमालाने एल्के बाईच्या पिशवीतून डबी काढली, मागचं झाकण उघडलं आणि सगळ्यांना दिसेल अशी पुढे धरली. सिमची जागा रिकामी होती. हातातल्या झाकणावर गुलाबी चार.

"सिम कुठं गेलं?" पुनमने विचारलं.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या आशाबाईने पदर तोंडाशी नेला.

"चार नंबर हिच्याजवळ कशी आली?" शिवशंकर म्हणाला.

दीपमालाने तिघांकडे पाहिलं आणि डबी कागदात गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा लॉजवर आली, तेव्हा घराने गुन्हेगार ठरवून टाकला होता. नाव कुणी घेत नव्हतं. पण सात बाराला फोटो गेला म्हणजे तेव्हा नेट चालू होतं, आणि त्यानंतर भाकरी बांधताना पिशवी दहा मिनिटं सैपाकघरात होती, हे व्यंकटरावांनी दोनदा सांगितलं. शिवशंकर खाली मान घालून ऐकत होता.

दीपमालाने आशाबाईला एकटीला समोर बसवलं.

"डबी तुम्ही बदललीत?"

"व्हय."

"काहून?"

"दोन नंबरचा लाल दिवा लागला होता. बाईनं मला खुणेनं दाखवलं. पुनम वर होती. मग गोविंदजींसाठी फळीवर ठेवलेली चार नंबर दिली, तिचा दिवा हिरवा होता. दोन नंबर चार्जिंगला लावली आणि नऊ वाजता गोविंदजींना दिली."

"काल का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर समद्यांचं बोट माझ्याकडंच आलं असतं. न सांगता बी आलंच की."

"सिम काढलंत?"

"ते कुठं बसवतात हे बी मला म्हाईत न्हाई."

"पुनमवर राग आहे?"

"राग न्हाई. जळते मी तिच्यावर. अठरा वर्षं झाली, या लॉजचा सैपाक मी करून राहिले. पाहुणे माझ्या हातचं पोटभर जेवतात आणि फोटो तिच्यासंगं काढतात. पण त्या बाईचं मी काहून वाईट करू? ती एकटीच आत येऊन माझ्याजवळ बसायची."

दीपमालाने वहीत काही लिहिलं नाही. तिच्याच बॅचची कोमल पुण्यात मोठ्या तपासाच्या पथकात होती. कोमलचे फोटो दीपमाला रोज सकाळी उघडून बघायची आणि एकालाही दाद न देता बंद करायची. ते बघितल्याशिवाय तिला राहवत नसे. काल दवाखान्यात एक माणूस नेमका असाच बघत होता.

ती उठून जेवणाच्या खोलीत गेली. लॉजवरच्या चारही डब्या तिने बंद करून मोहनसिंगकडे दिल्या आणि दवाखान्यातून आणलेला एल्के बाईचा टॅब टेबलावर ठेवून चालू केला. मिनिटभरात तो वाजायला लागला. मुलीचे निरोप एकामागून एक येत होते.

नंतर ती गोविंदजींकडे गेली. त्यांची मराठी थोडी जुन्या वळणाची होती. डबीची काही तक्रार होती का, तिने विचारलं. काहीच नव्हती, ते म्हणाले. उलट घरधनी फारच काळजी घेणारे. देवळाकडे निघताना, मुलाखतीच्या आधी आणि मुलाखत चालू असतानाही शिवशंकर येऊन विचारून गेले, नेट बराबर चाललंय ना म्हणून.

"दुसऱ्या कुठल्या दिवशी विचारलं होतं?"

"नाही. कालच."

दीपमालाने सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बसवलं. व्यंकटराव, दोघी सुना, शिवशंकर, गोविंदजी. मोहनसिंग दाराशी थांबला.

"सात बाराला फोटो गेला, म्हणून तेव्हा डबी चालू होती, असं आपण सगळे धरून चाललो," ती म्हणाली. "पण या खोलीत लॉजचं स्वतःचं वायफाय आहे. एल्के बाई चार दिवस इथे राहत होत्या, त्यांचा टॅब ते आपोआप पकडतो. मी आत्ताच सगळ्या डब्या बंद करून बघितलं. फोटो लॉजच्या वायफायवरून गेला. डबीत तेव्हाही सिम नसणार. म्हणजे सैपाकघरातल्या त्या दहा मिनिटांना काही अर्थ नाही. सिम त्याआधीच, डबी फळीवर असतानाच काढलेलं होतं."

आशाबाईने मान वर केली.

"आता फळीवर होती ती चार नंबर. ती एल्के बाईला जाणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आशाबाईंनी ती आयत्या वेळी दिली. म्हणून एल्के बाईचं वाईट कुणाला करायचं होतं, हा प्रश्नच चुकीचा आहे. वहीत चार नंबरपुढे नाव गोविंदजींचं. ते दोनशे पावलांवरच्या देवळात जाणार होते. नेट बंद पडलं असतं तर त्यांच्या जिवाला काही झालं नसतं. बंद पडली असती ती फक्त मुलाखत. पुनमची."

व्यंकटरावांनी पुनमकडे पाहिलं.

"सिम काढणाऱ्याची अशी समजूत होती की सिम नसलेली डबी गोविंदजींकडे आहे. म्हणून नेट कधी बंद पडतं याची तो वाट बघत होता, आणि ते पडेना तेव्हा पुन्हा पुन्हा विचारत होता. तीन वेळा."

गोविंदजींनी हळूच शिवशंकरकडे पाहिलं.

"शिवशंकर, काल चार वाजता तुम्ही मला सांगितलं की कुणाला कोणती डबी दिली ते तुम्हाला ठाऊक नसतं, वही तुम्ही उघडतही नाही. संध्याकाळी दवाखान्यात मी रिकामी जागा दाखवली. पुनमने विचारलं, सिम कुठं गेलं. तुम्ही ते विचारलं नाही. चार नंबर हिच्याजवळ कशी आली, हे विचारलंत. ती हिच्याजवळ असायला नको होती, हे तुम्हाला कसं कळलं?"

शिवशंकरने खिशातून मोबाईल काढला, त्याचं मागचं कव्हर सोडवलं. आतलं छोटं सिम त्याने टेबलावर ठेवलं.

"सायंकाळी परत बसवणार होतो," तो म्हणाला. "एवढी एक मुलाखत बिघडावी, बस. कोणाला तकलीफ द्यायची नव्हती. नेट चालूच राहिलं तवा वाटलं, त्यांच्या फोनात दुसरी सोय असल."

"काहून पण?" व्यंकटरावांनी विचारलं.

"आबा, आखाडा बाळापूरच्या लग्नात माझ्या वर्गातल्या पोरांनी मला हाक मारली. नावानं न्हाई. 'ए पुनमचा नवरा' म्हणून. समदे हसले, मी बी हसलो. घरी आलो तर भिंतीवर तिचाच फोटो. पाहुणा आला की विचारतो, पुनम मॅडम कुठं हायेत. मी समोर बसलेला असतो."

"मला एकदा सांगायचं तरी," पुनम म्हणाली.

"काय सांगू? तुझं चांगलं चाललंय ते मला बघवत न्हाई म्हणून?"

पुनम म्हणाली, "ते मी समजून घेतलं असतं. पण काल दवाखान्यात तुमाला समजलं होतं. रातभर तुमी गप राहिला. आक्कावर नाव येत होतं आन तुमी ऐकत बसला."

व्यंकटराव हात जोडून उठले. झालं ते वाईट झालं, पण बाई वाचली आहे, दवाखान्याचा सगळा खर्च आपण करू, घरातलं घरातच मिटू द्या, अशी त्यांनी विनवणी केली. दीपमालाने शांतपणे सांगितलं की एक म्हातारी बाई सहा तास मरणाच्या दारात होती, हे घरातलं राहिलेलं नाही. एल्के बाईचा जबाब ती दुपारी घेणारच होती.

"त्यांचा घ्यायचा तवा घ्या," पुनम म्हणाली. "माझी फिर्याद आत्ता लिहा. डब्या माझ्या भरवशावर लोक घेतात."

"पुनम, तो तुझा नवरा हाये," व्यंकटराव म्हणाले.

"म्हणून तर मीच देते, मामा. दुसऱ्या कोणी देण्यापेक्षा."

मोहनसिंगने शिवशंकरला बाहेर नेलं. जाताना त्याने कुणाकडे बघितलं नाही. गोविंदजी खुर्चीवरून उठले आणि काय करावं न सुचून परत बसले.

पुनम पायऱ्यांपर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. मागून आशाबाई आली. तिने चूल विझवली होती, हात पुसले होते, पायांत चपला घातल्या होत्या.

"चल," ती म्हणाली. "डबी मी दिली होती. ते मलाच सांगावं लागल."

"आक्का, तुमी कशाला?"

"मी तुझ्यावर जळते ते खरं हाये. ते उद्या बी राहील. आज तुला एकटीला न्हाई जाऊ देत."

जीपमध्ये मागे जागा होती आणि दीपमालाने दारही उघडून धरलं होतं. पण ठाणं फार लांब नव्हतं. दोघी जावा पायीच निघाल्या.